इंग्लंडला न जाता १४व्या शतकातला इंग्लिश पूर्वज तिथल्या जुन्या कोर्ट-दप्तरांतून शोधता येतो का?

तुम्ही लिहिलंय की यजमानांचं घराणं मूळचं इंग्लंडच्या सॉमरसेट काउंटीतलं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग), १३५०च्या आसपास त्यांचा कुणी पूर्वज जमिनीपायी राजाच्या कोर्टात भांडला होता असं सासरी सांगतात, आणि तुम्ही दोघं राहता पुण्यात. इथे बसून त्याचा माग लागेल का? लागू शकतो. मी ही दप्तरं बरीच वर्षं वाचते आहे आणि जवळजवळ सगळं वाचन घरूनच केलंय.

आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला उपाध्यांच्या वहीत पिढ्यांची नावं ओळीनं मिळतात. तसं तिथे काही नाही. चर्चच्या बाप्तिस्मा-लग्न-दफनाच्या नोंदवह्या सुरू झाल्या त्याच मुळी १५३८ साली. त्याआधी साध्या माणसाचं नाव कुठे उमटतं, तर जमीन, कर किंवा भांडण असेल तिथे. म्हणून आडनाव घेऊन शोधायला बसू नका, आधी गाव पकडा. १४व्या शतकात कित्येक घरांत आडनाव अजून स्थिरावलंच नव्हतं, बापाचं एक आणि मुलाचं दुसरं असं सर्रास दिसतं. जमीन मात्र जागची हलत नाही. आजपासून मागे मागे जात घराणं कुठल्या गावात पोचतं ते पक्कं करा, मग त्या गावातली जमीन कुणाकडून कुणाकडे गेली ते बघा.

पहिला थांबा ‘फीट ऑफ फाइन्स’. कोर्टापुढे झालेल्या जमिनीच्या समझोत्याचा मजकूर एकाच कातड्यावर तीनदा लिहीत आणि नागमोडी कापून वेगळा करत. दोन्ही पक्षांना एकेक प्रत मिळे, तळाची राजाच्या खजिन्यात राही. ११९५ पासून या तळच्या प्रती जपलेल्या आहेत. सॉमरसेट रेकॉर्ड सोसायटीनं त्यांचे इंग्रजी गोषवारे सहाव्या हेन्री राजाच्या काळापर्यंत, म्हणजे १५व्या शतकापर्यंत, छापलेत. जुने खंड नेटवर फुकट वाचता येतात, लॅटिन यायची गरज नाही.

त्यानंतर खरा खजिना, म्हणजे कोर्ट ऑफ कॉमन प्लीज या राजाच्या दिवाणी कोर्टाच्या दप्तर-गुंडाळ्या. मूळ गुंडाळ्या लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत, क्रमांक सीपी ४०, १२७३ पासून पुढे. ह्यूस्टन विद्यापीठाच्या ‘अँग्लो-अमेरिकन लीगल ट्रॅडिशन’ या संकेतस्थळावर त्यांचे लाखो फोटो विनामूल्य ठेवलेत. मांडणी राजाच्या राज्यवर्षाप्रमाणे आणि कोर्टाच्या चार सत्रांप्रमाणे आहे: मायकेलमस, हिलरी, ईस्टर, ट्रिनिटी. प्रत्येक नोंदीशेजारी समासात काउंटीचं नाव असतं. आधी फक्त समास चाळा, सॉमरसेट दिसलं की थांबा.

लॅटिनचा बाऊ करू नका. मजकूर ठरावीक साच्याचा असतो. अमका वकिलामार्फत चौथ्या दिवशी हजर राहिला, ‘एट इप्से नॉन वेनिट’, म्हणजे समोरचा आला नाही, सबब शेरीफला, म्हणजे काउंटीतल्या राजाच्या अधिकाऱ्याला, हुकूम. शेरीफ उलट कळवतो, ‘निहिल हाबेट’, याच्याकडे जप्त करण्याजोगं काही नाही. यावरून पूर्वज कंगाल होता असं धरू नका, त्या काउंटीत त्याची मालमत्ता नव्हती एवढाच त्याचा अर्थ. तसंच ‘तलवारी, धनुष्यबाण घेऊन कुंपण मोडलं’ असं वाचून कुणी दरोडेखोर ठरत नाही. राजाच्या कोर्टात दाद मिळावी म्हणून वादी ते वाक्य घालतच असत. मी तर या कागदांतलं प्रत्येक विधान एका बाजूचं म्हणणं म्हणूनच वाचते.

वंशावळ हवी असेल तर जमिनीच्या वारसाहक्काचे दावे शोधा. त्यांत वादीला आपला हक्क कसा आला ते पिढी-दर-पिढी सांगावं लागे, त्यामुळे कधी कधी पणजोबापर्यंतची नावं एकाच परिच्छेदात मिळतात. विधवांचे दावेही सोडू नका. नवऱ्याच्या जमिनीचा तिसरा हिस्सा मागताना त्या मयत नवऱ्याचं नाव सांगतात आणि बहुतेकदा दुसऱ्या नवऱ्याबरोबर उभ्या असतात. या बायकांचं नाव एरवी कुठे येतच नाही, म्हणून अशी नोंद दिसली की मला फार आनंद होतो.

१४१३ च्या कायद्यानंतर काम बरंच सोपं होतं. बहुतेक फिर्यादींत प्रतिवादीचा दर्जा किंवा धंदा आणि गाव लिहिणं सक्तीचं झालं, त्यामुळे एकाच नावाचे दोन जॉन वेगळे काढता येतात.

पूर्वज जमीनदाराचं बांधील कूळ असेल, तर मात्र जमिनीसाठी त्याला राजाच्या कोर्टाचं दार बंद होतं. तो सापडेल मॅनर कोर्टात, म्हणजे जमीनदाराच्या गावकोर्टात. कूळ मेलं की जमीनदार त्याचं उत्तम जनावर घेई आणि पुढे जमीन कुणाला मिळाली ते नोंदवी. बाप आणि मुलगा एकाच ओळीत! कुठल्या मॅनरची दप्तरं कुठे आहेत हे नॅशनल आर्काइव्हजच्या ‘मॅनोरियल डॉक्युमेंट्स रजिस्टर’मध्ये ऑनलाइन बघता येतं. ती ह्यूस्टनच्या साइटवर शोधू नका. बहुतेक ठिकाणी स्थानिक अभिलेखागाराला ईमेल करून, पैसे भरून प्रती मागवाव्या लागतात.

यजमानांच्या घराण्याचं गाव आणि चर्चच्या वहीतली सर्वांत जुनी पक्की नोंद खाली लिहा. त्या गावाचे समझोते छापील खंडांत कुठे आहेत ते मी बघून सांगते.