गुरुवार कोणाचा?

पत्र (थोडक्यात): ताई, जय ख्रिस्त. माझं वय 41. आमच्या मंडळीच्या तरुण संघाचं काम सहा वर्षं पाहतो. मागच्या वर्षी जॉन वेस्लींचं, म्हणजे अठराव्या शतकात मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या इंग्रज उपदेशकाचं, चरित्र वाचलं आणि हलून गेलो. शिष्यत्व म्हणजे काय ते याच माणसाकडून शिकायचं असं ठरवून गट सुरू केला. पहाटे 4 ला उठणे, बुधवार-शुक्रवार उपास, रोज डायरी आणि दर गुरुवारी संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ अभ्यास. (गुरुवारी मुलीला शिकवणीहून तिचा मामा आणतो, त्यामुळे घरची अडचण नाही. ती 11 वर्षांची आहे.) पत्नीची साथ आहे. सुरुवातीला 34 जण होते, आता 9 उरलेत. चूक कुठे झाली? नियम सैल करू की आणखी कडक? वेस्लींना हे कसं जमलं?

उत्तर:

भाऊ, तुमचं मूळ पत्र चार पानांचं आहे. कोण कोणत्या महिन्यात यायचा थांबला, कोणी काय कारण सांगितलं, सगळं त्यात नीट लिहिलं आहे. मुलीच्या वाट्याला मात्र एक कंस आला. त्या कंसातलं वाक्य पुन्हा वाचा. मामा कर्ता, मुलगी कर्म आणि बाप कुठेच नाही.

मी त्या कंसाबद्दलच बोलणार आहे. तुम्ही विचारलं आहे की वेस्लींना कसं जमलं, आणि त्याचं उत्तर नेमकं गुरुवार संध्याकाळ हेच आहे.

वेस्लींचं बालपण इंग्लंडच्या लिंकनशायरमधल्या एपवर्थ गावी पाळकाच्या घरात गेलं. 9 फेब्रुवारी 1709 च्या रात्री त्या घराला आग लागली. पाच वर्षांचा जॉन वरच्या मजल्यावर अडकला. शिडी आणायला वेळ नव्हता, म्हणून एक माणूस दुसऱ्याच्या खांद्यावर चढला आणि त्याने खिडकीतून पोराला बाहेर ओढलं. पाठोपाठ छप्पर कोसळलं. ‘अग्नीतून ओढून काढलेलं कोलीत’ हे बायबलमधल्या जखऱ्या संदेष्ट्याचे शब्द वेस्ली पुढे आयुष्यभर स्वतःबद्दल वापरत. हा प्रसंग तुमच्या गटात तुम्ही नक्की सांगितला असणार, सगळेच सांगतात. पण त्या पोराला वेस्ली केलं ते आगीनंतरच्या तीन वर्षांत त्याच्या आईने जे सुरू केलं त्याने. त्याचा पत्ता पुष्कळांना नसतो.

वडील सॅम्युएल धर्मसभेसाठी लंडनला गेलेले असताना आईच्या, सुझॅनाबाईंच्या, हाती नवऱ्याच्या अभ्यासिकेतलं एक पुस्तक पडलं. ती होती डेन्मार्कच्या मिशनऱ्यांची हकिगत, आणि ते मिशनरी होते आपल्या इथे, तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगमबाडीत. त्यांच्यातले बार्थोलोमेयस झीगेनबाल्ग 1706 मध्ये तिथे उतरले होते. ती हकिगत वाचून बाईंना काही सुचेना. दिवसचे दिवस दुसरा विषय डोक्यात येईना. आपण पुरुष नाही, पाळक नाही, पण आज करतो त्यापेक्षा काही जास्त करता येईल, असं त्यांनी नवऱ्याला 6 फेब्रुवारी 1712 च्या पत्रात कळवलं. आणि सुरुवात कुठून करायची ठरवली? स्वतःच्या मुलांपासून. रोज रात्री एका मुलाशी, एकट्याशी, बोलायचं. सोमवारी मॉली, मंगळवारी हेटी, बुधवारी नॅन्सी, गुरुवारी जॅकी म्हणजे आपला जॉन, शुक्रवारी पॅटी, शनिवारी चार्ल्स. रविवारी एमिली आणि सुकी दोघी मिळून.

भारतातल्या सुवार्तिकांची हकिगत वाचून त्या बाईने जवळचं एकेक मूल धरलं. तुम्ही त्यातल्याच एका मुलाचं चरित्र वाचलं आणि 34 जण गोळा केलेत. गुरुवारी संध्याकाळी. आपली पोर दुसऱ्याच्या गाडीवर बसवून.

त्याच पत्रात आणखी एक गोष्ट आहे. रविवारी संध्याकाळी बाई घरातल्या मुलांना आणि नोकरांना प्रार्थना व उपदेशाचं वाचन ऐकवत. कोणाला बोलावणं धाडलं नव्हतं. एका नोकर पोराने आईबापांना सांगितलं, ते येऊ लागले. मग शेजारी आले. तीस-चाळीस झाले, आणि पत्र लिहिलं तेव्हा दोनशेच्या वर माणसं येत होती, कित्येक जागा नाही म्हणून परत जात होती. तुमचा आकडा 34 वरून 9 वर आला आणि तिचा घरातल्या मूठभरावरून दोनशेवर गेला. दोन्हींचं कारण एकच आहे.

आता वीस वर्षं पुढे या. 1732. जॉन ऑक्सफर्डमध्ये लिंकन कॉलेजचा फेलो, म्हणजे तिथला अध्यापक आहे, वय 28. कैद्यांना भेटतो, बुधवार-शुक्रवार उपास करतो, मिनिटामिनिटाचा हिशेब लिहितो. तुम्ही ज्याची नक्कल करता तो हाच वेस्ली. हा माणूस आईला पत्र लिहून मागतो काय? तू पूर्वी मला गुरुवारच्या संध्याकाळचा जो थोडा वेळ द्यायचीस, तेवढाच आताही मला दे. तेव्हा त्या वेळाने माझी समज घडली, आता माझं अंतःकरण सुधारेल. मुलगा पंडित झाला होता, ग्रीक शिकवत होता, आणि त्याला आठवत होता तो आपला वार.

तुमच्या मुलीला 28 व्या वर्षी गुरुवार म्हटल्यावर काय आठवेल? मामाच्या गाडीची मागची सीट.

म्हणून सांगते, येत्या गुरुवारपासून गट सोडा. उरलेल्या 9 जणांपैकी ज्याला लोक मनातलं सांगतात त्याच्या हाती द्या. चांगला बोलणारा शोधू नका. मंडळीत कारण लपवू नका, ‘गुरुवार मुलीला दिला आहे’ एवढंच सांगा.

वार बदलून गट शुक्रवारी घेऊ का, असं तुमच्या मनात आलंच असेल. नको. निदान तीन महिने नको. गट तुमच्याच्याने का टिकला नाही ते आधी तिच्याजवळ शिकून घ्या.

कसं करायचं ते सांगते. शिकवणीहून तुम्ही आणायचं. फोन घरी ठेवायचा. खिशात बंद करून ठेवलेला फोनही मुलांना दिसतो. जमलं तर चालत या, गाडीवर तुमची पाठ तिच्याकडे असते. घरी आल्यावर अर्धा तास तुम्ही दोघंच, दार लोटलेलं. धाकटं भावंड असलं तरी त्या वेळात नको. सुझॅनाबाईंचं मर्म तिथेच होतं: घर पोरांनी भरलेलं, नवरा कर्जात, तरीही त्या वेळेत समोर एकच मूल.

आणि बोलायचं काय? तुम्ही काहीच नाही. विचारायचं. या आठवड्यात कशाची भीती वाटली, कोणावर राग आला, देवाला काय विचारावंसं वाटलं. एका वेळी एकच प्रश्न. पहिल्या दोन-तीन गुरुवारी ‘काही नाही’ असंच उत्तर येईल आणि ती नखं कुरतडत बसेल. तुमचं तिथेच चुकणार आहे. सहा वर्षं उपदेश करणाऱ्या माणसाला शांतता सोसत नाही, तो ती वचनाने भरून काढतो. भरू नका. बसा. प्रार्थना शेवटी, दोन वाक्यांची, आणि तिने जे सांगितलं त्याबद्दलचीच. त्या अर्ध्या तासात गुण, अभ्यास, मोबाईल यांवरून रागवायचं नाही. तिथे कळलेलं काहीही रविवारी साक्ष म्हणून सांगायचं नाही. एकदा जरी ‘माझी मुलगी परवा म्हणाली’ असं व्यासपीठावरून बोललात, तर ते दार पुन्हा उघडणार नाही.

एक सावधगिरी. सुझॅनाबाईंची सगळी शिस्त उचलू नका. वर्षाच्या मुलालाही छडीची भीती दाखवून हळू रडायला शिकवणारं ते घर होतं. ते तिथेच राहू दे.

आता 9 जणांचं. थोडक्यात सांगते, कारण ते काम आता दुसऱ्याचं आहे.

पहाटे चारचा नियम वेस्लींकडे कसा आला ते त्यांनी स्वतः लिहिलं आहे. रोज रात्री बारा-एकला जाग यायची. गरजेपेक्षा जास्त वेळ अंथरुणात जातो असं त्यांना वाटलं. गजराचं घड्याळ आणलं. पहिल्या दिवशी 7 ला उठले, रात्री जाग आलीच. दुसऱ्या दिवशी 6, तिसऱ्या दिवशी 5, तरीही जाग. चौथ्या दिवशी 4 ला उठले आणि त्या रात्री सलग झोप लागली. म्हणजे ते त्यांच्या शरीराचं माप होतं, आणि प्रत्येकाने आपलं माप असंच शोधावं असं तेच सांगतात. निरोगी माणसाला सहा तासांच्या थोडी वर झोप लागतेच, हेही त्यांचंच म्हणणं. वेस्ली दहाच्या आत झोपत. तुमच्या गटातला दुसऱ्या पाळीचा पोरगा बारा वाजता घरी पोचतो. त्याला तुम्ही 4 ला उठवलंत आणि उठला नाही म्हणून त्याला अपराधी वाटलं. अपराधी वाटणारा माणूस भांडत नाही, यायचा थांबतो.

वेस्लींच्या मंडळ्या टिकल्या त्या मात्र दुसऱ्याच गोष्टीने. 15 फेब्रुवारी 1742, ब्रिस्टल. प्रार्थनामंदिराचं कर्ज फेडायचं होतं. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी असं निघालं. गरिबांना तेवढंही परवडणार नाही, कोणी म्हणालं. तेव्हा फॉय नावाच्या कप्तानाने सांगितलं, सगळ्यांत गरीब अकरा माझ्याकडे लावा, मी दर आठवड्याला त्यांच्या घरी जाईन, ज्यांना जमणार नाही त्यांची पेनी मी भरीन. अकरा आणि एक, बारांचा वर्ग. पेनी गोळा करायला गेलेल्यांना घरोघरी काय चाललंय ते दिसू लागलं. कोण दारूकडे वळलाय, कोणाच्या घरात भांडण आहे. हेच तर आपल्याला हवं होतं, असं वेस्लींना उमगलं. पुढे घरी जाणं अवघड झालं. नोकरमाणसांना मालक बोलू देत नव्हते, कुठे एकांतच मिळत नव्हता. म्हणून बाराही जण एका ठिकाणी भेटू लागले. वर्गप्रमुखाचं काम तेच राहिलं: प्रत्येकाला विचारायचं, तुझ्या आत्म्याचं कसं चाललंय. मुंबईत 1871-72 मध्ये अमेरिकन मिशनरी विल्यम टेलर यांच्या कामातून मेथडिस्ट मंडळी उभी राहिली, तीही घराघरांत भरणाऱ्या अशाच लहान गटांतून.

तुमच्याकडे 34 जण, दोन तास, आणि पत्रावरून दिसतं तेवढं पाहिलं तर बोलणारे तुम्हीच. ज्या माणसाला दोन तासांत एकदाही कोणी नाव घेऊन विचारलं नाही, तो चौथ्या महिन्यात नसतो. वेस्लींनी हे वेल्सच्या पेम्ब्रोकशायरमध्ये पाहिलं. वीस वर्षं तिथे भरपूर उपदेश झाला होता, माणसं जोडून ठेवणारी मंडळी मात्र नव्हती. 1763 च्या ऑगस्टमधल्या रोजनिशीत त्यांनी लिहिलं की जागे झालेल्या दहांपैकी नऊ आता पूर्वीपेक्षाही गाढ झोपलेत. नव्या प्रमुखाला सांगा, नऊ हा वर्गाला पुरेसा आकडा आहे. नियम काढा, आळीपाळीने प्रत्येकाला विचारा.

शेवटी पत्नीचं. ‘साथ आहे’ असं तुम्ही लिहिता. त्यांनी भावाला पाठवून तुमची सोय केली, बोलल्या काहीच नाहीत. सोय बरी झाली नाही. पण ते त्यांनी मला विचारलं तर त्यांना सांगीन. तुम्ही मात्र चरित्रातलं एक पान उघडा, जे तुम्ही भराभर उलटलं असणार. वेस्लींनी फेब्रुवारी 1751 मध्ये मेरी व्हझील या विधवेशी लग्न केलं. महिनाभरात लिहिलं की लग्न झालं म्हणून प्रवचन एकानेही कमी करणारा, प्रवास एका दिवसानेही कमी करणारा उपदेशक देवाला काय उत्तर देणार, हे मला कळत नाही. जानेवारी 1771 मध्ये बायको घर सोडून गेली. त्यांनी लॅटिनमध्ये नोंद केली: मी तिला सोडलं नाही, मी तिला घालवलं नाही, मी तिला परत बोलावणार नाही. ऑक्टोबर 1781 मध्ये ती वारली आणि तिला पुरल्यानंतर एक-दोन दिवसांनी त्यांना कळलं. घोड्यावरून अडीच लाख मैल हिंडलेल्या माणसाची ही गोष्ट आहे. माझा त्यांच्यावर फार जीव आहे, आणि हे पान वाचताना दर वेळी वाईट वाटतं. आईकडून मिळालेला गुरुवार त्यांनी हजारो माणसांना वाटला, स्वतःच्या घरात मात्र नेला नाही. शिकायचंच आहे ना त्यांच्याकडून, मग हेही शिका.

शिकवणी किती वाजता सुटते ते तुमच्या पत्रात नाही. बहुधा तुम्हाला ठाऊक नसावं. मामाला विचारून घ्या, आणि गुरुवारी दहा मिनिटं आधीच तिथे जाऊन उभे राहा.