वनरक्षकाची रिकामी जागा संस्था भरून काढू शकतात का?

तुमचा प्रश्न असा: 2025 च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेतून सुमारे 1,000 कर्मचारी काढले, तिथं संस्था मदतीला आल्या असं तुम्ही वाचलं. मग विदर्भात वनखात्याच्या जागा रिकाम्या असतील तर ते काम संस्थांनी का करू नये, आणि त्यासाठी देणगी द्यावी का?

मी पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यात, जंगलाला लागून असलेल्या गावांत एका छोट्या संस्थेचं काम करतो. वनरक्षक गेला की आमचं काम वाढत नाही, अडतं.

समजा, वाघानं गाय मारली. 48 तासांच्या आत खात्याला कळवायचं आणि पंचनामा होईपर्यंत मढं हलवायचं नाही, असा नियम आहे. आमच्याकडचा वनरक्षक बदलून गेला, जागा भरली नाही, चार्ज शेजारच्या बीटवाल्याकडे (बीट म्हणजे एका वनरक्षकाच्या राखणीतला जंगलाचा पट्टा). दोन बीट, एक मोटारसायकल. आम्ही त्याच्या आधी पोचतो. मानेवरचे सुळ्यांचे व्रण, ओढत नेल्याची खूण, नाल्याच्या रेतीत उमटलेला पंजा, सगळ्याचे फोटो काढतो. पण त्या फोटोंवर भरपाईचा एक रुपया मिळत नाही. पंचनामा खात्याच्याच माणसाला करावा लागतो. तो येईस्तोवर मालक मढ्याची राखण करत बसतो, वाघ आपल्या शिकारीवर परत येतो हे पक्कं ठाऊक असताना. दुसऱ्या दिवशीही कोणी फिरकलं नाही, की त्या मढ्यावर फवारणीचं औषध टाकायचा विचार माणसाच्या मनात येतो. एका घरात विष टाकलं गेलं तर आमची कित्येक वर्षांची मेहनत वाया जाते.

वणव्याचंही तेच. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा आगीचा हंगाम. भारतीय वन सर्वेक्षणाचा उपग्रहावरून आलेला इशारा आता मोबाईलवर येतो. पण कोणत्या पांदीनं आत शिरायचं, हे बीटवर फिरलेल्या वनरक्षकाला आणि वनमजुरालाच माहीत असतं. मोहफुलं दिसावीत म्हणून लोक झाडाखालचा पाला पेटवतात. चांगला वनरक्षक मार्चमध्येच घरोघरी जाऊन सांगतो, पाला झाडून घ्या, जाळू नका. त्याचं ऐकतात, कारण तो रोजचा आहे. कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, लावायलाही खात्याची परवानगी आणि सोबतीला खात्याचा माणूस लागतो. माणूस नसला की आमचे कॅमेरे कपाटात.

अमेरिकेतही मला हेच दिसतं. 2018-19 च्या शटडाऊनमध्ये, म्हणजे निधी मंजूर न झाल्यानं सरकारी कामकाज बंद पडलं तेव्हा, ग्रेट स्मोकी माउंटन्स उद्यानाची माहिती केंद्रं आणि शौचालयं उघडी राहावीत म्हणून तिथल्या संस्थांनी पैसे दिले. तो काही आठवड्यांचा आधार होता. कायमची कपात वेगळी: माणूसच गेला की संस्थेनं हात कोणाला द्यायचा?

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. जिथं कायद्यानं हक्क दिला, तिथं गावांनी जंगल उत्तम सांभाळलं आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरवर सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगल वापरायचा आणि सांभाळायचा गावाचा कायदेशीर हक्क, मिळाला, 2011 मध्ये बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती आला. चंद्रपूरच्या पाचगावनंही बांबूतून गावात रोजगार उभा केला. पण हे ग्रामसभेचं बळ आहे, संस्थेचं नाही, आणि तिथल्याही गाईचा पंचनामा वनखात्याकडेच असतो.

देणगी जरूर द्या. आगीच्या हंगामातली मजुरी आणि गावातल्या प्राथमिक प्रतिसाद दलाच्या (वाघ गावाजवळ आला की आधी धावून जाणाऱ्या) पोरांचे बूट, बॅटऱ्या, विमा यांसाठी द्या. तिथं पैसा खरोखर लागतो. त्यासोबत माहिती अधिकारात विचारा: या वनपरिक्षेत्रात वनरक्षकांची मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि किती बीट अतिरिक्त कार्यभारावर आहेत. उत्तर आलं की ते आमदारांना पाठवा आणि एक प्रत ग्रामसभेलाही द्या.