चिकट झालेला तंबू आणि २० टक्क्यांची सूट

प्रश्न : मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. चौदा महिन्यांपूर्वी आठ माणसांचा मोठा तंबू ३८,५०० रुपयांना ऑनलाइन घेतला. वॉरंटी दोन वर्षांची आहे. आजवर जेमतेम नऊ रात्री वापरला. गेल्या महिन्यात माळ्यावरून काढला, तर वरचा पडदा आतून चिकट झालेला, घड्या एकमेकींना चिकटलेल्या, आंबूस वास येतोय आणि शिवणींवरची पट्टी सोलून निघतेय. त्याआधी भंडारदऱ्याला वाऱ्यात एक फायबरची काठी उभी चिरली. तिची कुसळं सासूबाईंच्या तळहातात गेली, डॉक्टरांचे १,८०० रुपये झाले. दाराची चेनही दोन ठिकाणी मिटत नाही. कंपनी म्हणते, ही नेहमीची झीज आहे आणि हवामानामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. जुना तंबू स्वखर्चाने परत पाठवला तर नव्यावर २० टक्के सूट देऊ म्हणतात. ती घ्यावी का? आणि नवा तंबू घेताना काय पाहावं?

उत्तर : सूट घेऊ नका, आणि तंबू घराबाहेर जाऊ देऊ नका. तो तंबू हाच तुमचा सर्वांत मोठा पुरावा आहे. एकदा तो कंपनीच्या गोदामात गेला की त्याची तपासणी कोण करणार? शिवाय अशी सूट देताना बहुधा ‘तक्रार पूर्णपणे मिटली’ अशा मजकुराला संमती घेतात. ती दिलीत तर पुढे ग्राहक आयोगासमोर तुमचीच सही तुमच्या विरोधात उभी राहील. ‘प्रस्ताव मान्य नाही, सर्व हक्क राखून ठेवत आहे’ एवढं ईमेलने आजच कळवा.

तुमच्या पत्रात तीन दोष आहेत, आणि तिन्हींचं वजन सारखं नाही.

सर्वांत भक्कम तक्रार चिकटपणाची. पडद्याचं कापड बहुधा पॉलिस्टरचं असतं, ते सहसा असं सडत नाही. सडतो तो त्याच्या आतल्या बाजूला पाणी अडवण्यासाठी दिलेला पॉलियुरेथेनचा थर. दमट हवेत पाणी या थरातली रेणूंची साखळी तोडतं. आधी तो चिकट होतो, मग आंबूस वास येतो, शेवटी पापुद्रे सुटतात. शिवणीवरची पट्टी याच थरावर चिकटवलेली असते, म्हणून तीही सुटते. या थराचे दोन मुख्य प्रकार आहेत. त्यातला पॉलिस्टर जातीचा (कापडाचं पॉलिस्टर वेगळं) दमटपणात लवकर तुटतो, पॉलिइथर जातीचा बराच टिकतो. म्हणजे कोणता थर लावायचा हा निर्णय बनवणाऱ्याचा होता, तुमचा नाही.

कंपनी म्हणणार की तुम्ही ओला तंबू गुंडाळून ठेवलात. म्हणून एका प्रश्नाचं खरं उत्तर आधी स्वतःला द्या : शेवटच्या सहलीनंतर तो पूर्ण वाळवला होता का? ओलाच बांधून पावसाळाभर ठेवला असेल तर बाजू लंगडी होते, आणि ते वकिलापासून लपवू नका. वाळवला असेल तर गच्चीवरचे फोटो, घरच्या किंवा शेजारच्यांचं शपथपत्र जोडा. सोबत आलेली पुस्तिकाही उघडा. पूर्ण वाळवूनच ठेवा, अशी सूचना तिच्यात नसेल तर कंपनीचा बचाव बराच ढिला पडतो. पावसाळ्यात वाळलेला तंबू माळ्यावर ठेवणं हा गैरवापर नव्हे. नाशिकच्या फ्लॅटमध्ये तो दुसरीकडे ठेवणार तरी कुठे?

‘हवामान वॉरंटीत बसत नाही’ हे उत्तर मला मुळीच पटत नाही. तंबू विकला जातो तोच ऊन, वारा, पाऊस झेलण्यासाठी. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(१०) मध्ये ‘दोष’ म्हणजे कायद्याने, करारानुसार किंवा विक्रेत्याच्या दाव्यानुसार जो दर्जा असायला हवा त्यातली कोणतीही उणीव. विक्रीच्या पानावर ‘३,००० मिमी पाणीरोधक’ (म्हणजे कापड किती उंचीच्या पाण्याचा दाब अडवतं त्याचा आकडा) असं काही लिहिलं असेल तर तो विक्रेत्याचा दावा आहे. त्या पानाचे स्क्रीनशॉट तारखेसह आजच घ्या, कारण पानावरचा मजकूर केव्हाही बदलतो. दाखल करताना त्यांना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडावं लागेल.

काठीची बाजू मध्यम आहे. फायबरची काठी बहुधा धातूच्या जोडनळीपाशी चिरते, आणि तुकडा नळीत पूर्ण बसवला नसेल तर हमखास चिरते. मोठ्या तंबूच्या उभ्या भिंती शिडासारखा वारा धरतात. ताणाच्या सगळ्या दोऱ्या बांधल्या नसतील तर तो जोर काठ्यांवर येतो. त्या दिवशीच्या फोटोत दोऱ्या ताणलेल्या दिसतात का ते पाहा. तुटलेले तुकडे फेकू नका. कॅलिपरने जाडी मोजून लिहून ठेवा.

सासूबाईंच्या हाताच्या इजेसाठी ग्राहक संरक्षण कायद्याचं सहावं प्रकरण, म्हणजे उत्पादन दायित्व (सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची जबाबदारी), लागू होऊ शकतं. पण तिथे एक गफलत फार होते. कलम २(२२) मधल्या ‘हानी’त माणसाला झालेली इजा येते, खुद्द वस्तूचं नुकसान मात्र स्पष्टपणे वगळलेलं आहे. त्यामुळे तंबूची किंमत या प्रकरणाखाली मागू नका. किंमत दोषाच्या तक्रारीत कलम ३९ खाली मागा, आणि डॉक्टरांचा खर्च वेगळ्या परिच्छेदात, पावती जोडून. इजा सासूबाईंना झाली असल्याने त्यांना सहतक्रारदार करा.

चेन तक्रारीतून वगळा. वाळू-मातीने रनर झिजून सैल होतो आणि दात धरत नाही. बॅग दुरुस्त करणारा नवा रनर थोडक्या पैशांत बसवतो. असा किरकोळ मुद्दा घातलात तर सामनेवाल्यांना नेमका त्यावरच बोट ठेवून सगळ्याच तक्रारीला ‘झीज’ म्हणता येतं.

आता कृती. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार विक्री मंचाच्या, म्हणजे ज्या संकेतस्थळावरून तंबू घेतला त्याच्या, तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. त्याच्याकडे लेखी तक्रार करा, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंदवा आणि दोन्हींचे क्रमांक जपा. सोबतच विक्रेता, विक्री मंच आणि बनवणारी कंपनी (तंबू आयात केलेला असेल तर आयातदार) अशा तिघांना स्पीड पोस्टाने नोटीस पाठवून पंधरा दिवस द्या. कंपनीचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता वेष्टनावरच्या लेबलवर असायलाच हवा. खोकं टाकलं असेल तर मंचाकडे लेखी मागा.

तोडगा निघाला नाही तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात जा. ‘फक्त अमुक शहरातील न्यायालय’ अशी अट बिलावर असली तरी कलम ३४ नुसार तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते. ऑनलाइनही दाखल होते. मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही, आणि इथे मोबदला म्हणजे तुम्ही मोजलेले ३८,५०० रुपये. मुदत कलम ६९ नुसार कारण घडल्यापासून दोन वर्षांची. तरी सावधपणे खरेदीच्या दिवसापासूनच मोजा, म्हणजे हातात दहा महिने आहेत. पत्रव्यवहार चालू आहे म्हणून मुदत वाढत नाही.

अर्जातच कलम ३८(२)(ग) खाली प्रयोगशाळेतील तपासणीची मागणी करा. आयोग नमुना सीलबंद करून पाठवतो, आणि त्याचं शुल्क आधी तक्रारदाराला भरावं लागतं. मुंबईत घाटकोपरला बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशनसारखी कापड तपासणारी संस्था आहे. पाण्याच्या दाबाची चाचणी आयएसओ ८११ या पद्धतीने होते. प्रयोगशाळा कोणती, हे आयोग ठरवतो. तोवर तंबू धुऊ नका, त्यावर सीलर लावू नका, तुकडा कापू नका. सुती चादरीत सैल गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. तपासणी लागणाऱ्या तक्रारीसाठी कायदा पाच महिने म्हणतो. प्रत्यक्षात जास्त धरून चाला. मागणी मोजकी ठेवा : किंमत व्याजासह, वैद्यकीय खर्च, मानसिक त्रासाची माफक भरपाई, तक्रारीचा खर्च. पाच लाख लिहिल्याने ३८,५०० रुपयांची तक्रार मोठी होत नाही, फक्त पोकळ दिसते.

नवा तंबू त्याच कंपनीचा घेऊ नका. माझा कौल आठ माणसांच्या एका तंबूऐवजी चार-चार माणसांच्या दोन तंबूंना आहे. दोघांचा मिळून खर्च थोडा वाढेल, पण वारा कमी धरतात, एक बिघडला तरी दुसरा असतो आणि फ्लॅटच्या बाल्कनीत वाळवता येतात. एकच मोठा हवा असेल आणि तुमच्या सहली दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतच्याच असतील, तर सूत-पॉलिस्टर मिश्र कापडाचा पाहा. उन्हात तो जास्त टिकतो, पण फार जड असतो आणि ओला ठेवला तर बुरशी धरतो. इगतपुरी-भंडारदऱ्याच्या पावसात जाणार असाल तर तो नको. पॉलिस्टरच घ्यायचा तर छत किमान ३,००० मिमी, जमीन ५,००० मिमी, काठ्या अॅल्युमिनियमच्या. फायबरच्या असल्या तर ११ मिमीहून बारीक नकोत. सुट्या काठ्या मिळतात का, हे घेण्याआधीच विचारा.

आतल्या थराची जात, पाणीरोधकतेचा आकडा आणि वॉरंटीत नेमकं काय बसतं, हे विक्रेत्याकडून ईमेलवर लिहून घ्या. तंबू आला की पहिल्याच दिवशी गच्चीवर उभारा, पाइपने अर्धा तास पाणी मारा, शिवणी आतून बोटाने तपासा आणि तारखेसह व्हिडिओ करून ठेवा. सिंहस्थासाठी भाड्याने द्यायचा विचार असेल तर तंबू वेगळ्या बिलावर घ्या. व्यावसायिक वापराच्या वस्तूचा खरेदीदार या कायद्याने सहसा ग्राहक ठरत नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार म्हणून वापरणाऱ्यालाच त्यात सूट आहे.