वर्षभर सण नाही, मग घरात काहीच करायचं नाही का?

"मॅडम, सासरे गेले तेव्हापासून सणवार बंद आहेत, दिवाळीला साधा आकाशकंदील लावला नाही, त्याचं काही नाही, पण आता घरात कोणी कोणाशी धड बोलतच नाही आणि मला काही करावंसं वाटलं की लगेच अपराधी वाटतं."

नाशिकच्या इंदिरानगरहून माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या एक ताई डिसेंबरच्या सुरुवातीला हे बोलल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) हा प्रश्न दर हिवाळ्यात कोणी ना कोणी घेऊन येतंच.

सासरे निफाडकडचे, द्राक्षबागेतला माणूस. ते गेल्यापासून सासूबाई कातरवेळेला हॉलमध्ये लाइट न लावता बसून राहायच्या. नऊ वर्षांचा नातू एकदा आईला म्हणाला, "आजोबांचं नाव काढलं की आजी उठून आत जाते, मग काढायचंच नाही का?" हे सांगताना ताईंना बोलवेना.

प्रथा मोडा असं मी कधीच सांगत नाही. उलट वर्षभर सण नको हे मला शहाणपणाचं वाटतं, दुःखातल्या घराला कोणापुढे हसरं तोंड करावं लागत नाही. पण सण थांबवता थांबवता बोलणंही थांबतं आणि कोणाच्या लक्षातच येत नाही. म्हणून मी त्यांना 21 डिसेंबर सुचवला. हा सण नाही, पाहुणे नाहीत, गोडधोड नाही, मुहूर्त नाही, फक्त वर्षातली सगळ्यात मोठी रात्र. नाशकात दिवस साधारण 11 तासांचा आणि रात्र 13 तासांची. सूर्य खरा उत्तरेकडे वळतो तो याच सुमारास, 21 किंवा 22 तारखेला. पूर्वी संक्रांतही तेव्हाच यायची, पण अयनचलनामुळे, म्हणजे पृथ्वीचा अक्ष हळूहळू डुलतो त्यामुळे, साधारण 72 वर्षांना एक दिवस असं सरकत सरकत ती आता 14-15 जानेवारीला आली.

सांगितलं एवढंच की दुपारी साडेबाराच्या सुमारास गच्चीवर मुलाची सावली मोजा, संध्याकाळी सहाला सूर्य मावळला की टीव्ही-मोबाइल बंद, एकच पणती लावा आणि अर्धा तास बसा, बोलायचं तर बोला, नाहीतर नका बोलू. सासूबाईंना आग्रह अजिबात नको.

पुढच्या वेळी ताई आल्या त्या सांगतच आल्या. मुलाने सुतळीने सावली मोजली, त्याच्या उंचीपेक्षा जेमतेम तीन इंच कमी भरली, वर्षातली सगळ्यात लांब दुपारची सावली ही! संध्याकाळी सासूबाईंनी आधी विचारलं, "सण नाही ना हा?" आणि मग येऊन बसल्या. बराच वेळ कोणीच काही बोललं नाही. मग पणतीकडे बघत त्याच बोलायला लागल्या, थंडीचा कडाका वाढला की द्राक्षमणी तडकू नयेत म्हणून हे रात्रभर बागेत शेकोट्या पेटवायचे, पहाटे घरी यायचे तेव्हा स्वेटरला धुराचा वास, आणि आल्या आल्या म्हणायचे खिचडी टाक. धुंधुरमासच तो, सूर्योदयाआधी खिचडी-भाकरी जेवायचा महिना. सगळे रडले, नातूही. झोपायच्या आधी सासूबाईंनीच मुगाची डाळ काढून ठेवली आणि सकाळी सातला, ऊन यायच्या आत, खिचडी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी घरात झाली.

एका संध्याकाळीत दुःख संपत नाही, तसं मी कोणालाच सांगत नाही. झोप, भूक उडून दोन आठवड्यांच्या वर झाले असतील किंवा जगण्यात अर्थ नाही असं कोणी बोलत असेल तर पणतीवर थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे आणि रात्रीही लागतो.

सासूबाई अजून कधीकधी अंधारात बसतात. पण नातू शेजारी जाऊन बसला तर उठून जात नाहीत. ती सुतळी त्याने गाठ मारून आजोबांच्या कपाटात ठेवलीये, छाटणीच्या कात्रीशेजारी, आणि आजीने ती तिथेच राहू दिलीये.