माणूस ठणठणीत, विहीरही ठणठणीत

"तब्येत ठणठणीत म्हणतात आणि विहीर कोरडी ठणठणीत असंही म्हणतात, मग हा शब्द चांगला की वाईट?" प्रश्न झकास आहे. याचं उत्तर कुंभाराच्या दुकानात मिळतं.

लहानपणी आजीबरोबर आठवडी बाजारात माठ घ्यायला जायचो. आजी रंगरूप बघायचीच नाही. माठ एका हातावर तोलून बोटाचं पेर मारायची. 'ठण्ण' वाजला की भावाची घासाघीस सुरू. 'बद्द' वाजला की खाली. भेगेच्या दोन कडा एकमेकींवर घासतात नि कंप तिथंच मरतो. म्हणून डोळ्याला न दिसणारी चीरही कानाला कळते. ओल्या किंवा भरलेल्या माठाचाही आवाज बसतो. म्हणजे ठण्ण वाजायला माठ अभंग हवा, कोरडा हवा आणि रिकामाही हवा.

आता अर्थ आपोआप फुटतात. अभंगपणा माणसाला लागला: आजारातून उठलेले तात्या "आता ठनठनीत हाय बग" म्हणतात (आमच्याकडं बोलताना ण चा न होतोच). कोरडेपणा विहिरींच्या वाट्याला आला. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा मांजरा धरण कोरडं ठणठणीत होतं. त्या उन्हाळ्यात हा शब्द चांगला की वाईट, हे लातुरात कुणी विचारलं नसतं. राहिला रिकामपणा, तो खिशाला: ठणठणपाळ!

व्युत्पत्ती म्हणाल तर 'ठण' ही निव्वळ आवाजाची नक्कल. ती दोनदा म्हणून पुढं '-ईत' लावायचं, की विशेषण तयार: खणखणीत, सणसणीत, झणझणीत, कडकडीत. यामागं एखादा संस्कृत धातू शोधत बसू नका. संस्कृतातही राजवाड्याच्या पायऱ्यांवरून सोन्याचा घडा गडगडल्याचा जो श्लोक सांगतात, त्याचा शेवटचा चरण नुसता ठ-ठं-ठचाच आहे.

'खणखणीत' मात्र वेगळा. तो नाण्याचा. म्हणून आवाज खणखणीत असतो, तब्येत सहसा नाही.

आणि दाढेचा ठणका? तोही याच घरातला. शाळेत टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर शिपाईमामा टोले द्यायचे ना, तसाच एकेक टोला. रात्री दोनला दाढ ठणकली की कळतं.