‘तू मध्ये पडू नकोस’ असे सांगणाऱ्या आईची काळजी

गेल्या शैक्षणिक वर्षात दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्या, त्याच आठवड्यात आठवीतल्या एका मुलीची आई माझ्याकडे आली. खुर्चीच्या कडेवर बसूनच तिने बोलायला सुरुवात केली. “मॅडम, त्रास माझ्या मुलीला होत नाहीये. वर्गातल्या एका मुलाला होतोय आणि ही त्याच्यासाठी भांडते. मी तिला सांगितलं, तू मध्ये पडू नकोस. उद्या सगळे हिच्यावर उलटले तर? माझं काही चुकलं का?”

छळ होणाऱ्या मुलांचे पालक माझ्याकडे नेहमी येतात. बघणाऱ्या मुलाचे पालक क्वचितच येतात, पण पालकसभेनंतर दाराशी थांबून हळूच विचारला जाणारा प्रश्न बहुधा हाच असतो. म्हणून ही हकिगत, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, येथे मांडत आहे.

तो मुलगा जूनमध्ये नव्याने वर्गात आला होता आणि बोलताना अडखळत असे, विशेषतः पहिल्याच अक्षरावर. मुलांनी त्याचे नाव ‘बफरिंग’ ठेवले. पुढे नाव घेण्याचीही गरज उरली नाही, कारण तो उत्तर द्यायला उभा राहिला की मागच्या बाकांवर दोन-तीन तर्जन्या हवेत गोल फिरू लागत, मोबाइलवर व्हिडिओ अडकल्यावर ते चक्र फिरते तशा. आवाज नाही, शिवी नाही, धक्का नाही. बाई फळ्याकडून वळेपर्यंत हात खाली आलेले असत. ‘बाई, तो बोट फिरवतो’ ही तक्रार ऐकून कोणत्याही शिक्षकाला हसूच येईल, आणि मुलांना ते पक्के ठाऊक होते.

एके दिवशी मधल्या सुट्टीत ही मुलगी त्या मुलांवर सगळ्यांसमोर ओरडली. दुसऱ्या दिवशी तिचे नाव ‘वकीलीण’ पडले आणि बाकावर कर्कटकाने दोघांची नावे बदामात कोरलेली सापडली. आईच्या पोटात गोळा आला तो यामुळे. आठवीतल्या मुलीने एखाद्या मुलाची बाजू घेतली की तिच्याविषयी काय बोलले जाते, हे माहीत असलेल्या आईला भित्री ठरवणे मला योग्य वाटत नाही.

तिची भीती खरी आहे, हे मी आधी मान्य केले आणि मगच तिला टोरांटोतील एका अभ्यासाबद्दल सांगितले. तेथील प्राथमिक शाळांच्या मैदानांवर मुलांचे वागणे दुरून चित्रित करण्यात आले होते आणि त्याचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. दांडगाईच्या ८८ टक्के प्रसंगांत इतर मुले हजर होती, पण कोणी मध्ये पडले ते फक्त १९ टक्के प्रसंगांत. मात्र ज्या वेळी कोणी मध्ये पडले, त्यांपैकी निम्म्याहून अधिक वेळा प्रकार दहा सेकंदांच्या आत थांबला. “म्हणजे तिनं पडावंच?” आईने विचारले. मी म्हटले, “पडावं की नाही यापेक्षा कसं पडावं, हे आधी ठरवू.”

मुलीला मी वेगळे भेटले. ती माझ्यावरही रागावलेलीच होती. “मग काय, मी नुसतं बघत बसू?” ओरडल्यामुळे काय झाले, असे विचारल्यावर ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “सगळे गोळा झाले. तोच जास्त लाजला.” तिचे निरीक्षण अचूक होते. छळणाऱ्याला प्रेक्षक हवे असतात आणि भांडणाने ते आयते मिळतात. त्यामुळे आम्ही असे ठरवले की तिने बोट फिरवणाऱ्यांशी बोलायचेच नाही, त्या मुलाशी बोलायचे. ‘चल, पाणी प्यायला’ किंवा ‘भूगोलाची वही दे ना’ एवढे पुरे. तेही एकटीने नव्हे, दोन मैत्रिणी आणि एखादा मित्र सोबत घेऊन, म्हणजे बदाम कोरणाऱ्यांनाही नेमके कोणाचे नाव कोरावे हे कळणार नाही. यावर ती पहिल्यांदा हसली.

प्रश्न एका मुलीचा नव्हता, वर्गाचा होता. मुख्याध्यापिका आधीपासूनच विद्यार्थ्यांचा गट काढण्याच्या विचारात होत्या आणि त्यांनी मला मदतीला बोलावले. येथे माझी चूक झाली, ती लपवण्यात अर्थ नाही. गटात सर्व वर्गांचे मॉनिटर आणि पहिले नंबर घेतले गेले, त्यांना बिल्ले मिळाले, आणि हे सारे मी मान्य केले. दोन आठवड्यांत त्या मुलांनी पोलीस चौकी थाटली. चिठ्ठ्यांवर नावे लिहिली जाऊ लागली आणि सहावीतल्या एका लहानग्याला कोणाला तरी ‘जाड्या’ म्हटल्याबद्दल परिपाठात सर्वांसमोर उभे करण्यात आले. छळ थांबवण्यासाठी काढलेला गटच छळू लागला होता. आम्ही बिल्ले काढून घेतले.

दुसऱ्या खेपेला मी न्यू जर्सीतील ५६ शाळांमध्ये झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा आधार घेतला. तेथे निम्म्या शाळांत मुलांचे छोटे गट तयार करून काय बदलायचे ते त्यांनाच ठरवू दिले होते आणि त्या शाळांमध्ये भांडणांच्या नोंदी सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळल्या. गटात ज्यांच्याशी पुष्कळ जणांचे जमते अशी मुले अधिक होती, तेथे परिणामही अधिक दिसला. आम्ही प्रत्येकाला कोऱ्या कागदावर, तू शाळेत कोणाबरोबर जास्त वेळ घालवतोस, एवढेच लिहायला सांगितले. जमलेल्या नावांत मॉनिटर फारसे नव्हते. बोट फिरवणाऱ्यांपैकी एक मात्र होता आणि त्याला घ्यायला मुख्याध्यापिकांचा साहजिकच विरोध होता.

त्याला घेतले. तिसऱ्या बैठकीत, कोणाचेही नाव न घेता चाललेल्या बोलण्यात, तो अचानक म्हणाला, “पण तो पण हसायचा ना. मला वाटलं, त्याला चालतंय.” खोलीत शांतता पसरली. मग माझ्याकडे आलेली ती मुलगी म्हणाली, “मीपण हसते, ‘वकीलीण’ म्हटल्यावर. घरी जाऊन रडते.” त्या दोन वाक्यांनी जे झाले, ते माझ्या कोणत्याही व्याख्यानाने झाले नसते. पुढच्या आठवड्यात बोटे थांबली. सगळी नाहीत, एक मुलगा अजूनही फिरवतो, पण मागे वळून पाहिले तर कोणी हसत नाही.

मुलांवर किती सोपवायचे, याबाबत मी आता अधिक काटेकोर झाले आहे. शाळांतला छळ रोखण्यासाठी फिनलंडमध्ये २००९ पासून देशभर पसरलेल्या ‘किवा’ कार्यक्रमात ही वाटणी स्पष्ट आहे: छळणाऱ्याशी मोठी माणसे बोलतात, आणि त्रास सोसणाऱ्याला सोबत करण्याची विनंती वर्गातल्या दोन-चार मुलांना केली जाते. आमच्या गटालाही मी तेच सांगितले. मारहाण, पैसे मागणे, फोटो काढून फिरवणे, अंगाला हात लावणे यांतले काहीही दिसले तर सोबत वगैरे नाही, तडक वर्गशिक्षिकेकडे जायचे, आणि तेथे कोणी ऐकले नाही तर घरी सांगायचे किंवा १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन करायचा. याला चहाडी म्हणत नाहीत, हे मात्र मला निदान चार वेळा सांगावे लागले.

मार्चमध्ये ती आई पुन्हा आली, या वेळी खुर्चीत नीट टेकून बसली. मुलगी अजून ‘वकीलीण’च आहे, पण आता मैत्रिणीही तिला त्याच नावाने हाक मारतात आणि ती ओ देते. तो मुलगा अजून अडखळतो आणि इतिहासाच्या तासाला अजूनही हात वर करत नाही. आईचा प्रश्न नवा होता: “नववीत तुकड्या बदलतात. हे सगळे वेगवेगळे झाले तर?” त्या मुलाच्या तुकडीत गटातली निदान दोन मुले ठेवावीत, असे पत्र मी शाळेला दिले आहे. उत्तर जूनमध्ये कळेल.