फुप्फुस प्रत्यारोपण शिकायला टोरांटो की क्योटो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकमध्ये छातीच्या शस्त्रक्रिया करता, फुप्फुस प्रत्यारोपण शिकायचंय, आणि हातात दोन पर्याय आहेत. टोरांटोची वर्षभराची फेलोशिप किंवा क्योटोत तीन महिने नुसतं निरीक्षण. परत येऊन राहायचं नाशिकमध्येच, जिथे दाता मिळणंच मुश्कील. मी मूळची नाशिकरोडची आणि बरीच वर्षं टोरांटोत याच कामात आहे, त्यामुळे माझं पारडं कुठे झुकणार ते ओळखूनच वाचा.

टोरांटोला या. पण टाके घालायला शिकायचं म्हणून नको. ब्रॉन्कस (फुप्फुसात जाणारी श्वासनळी) जोडायला तुमचा हात बसलेला आहे, बाकीचं सरावाने येईल. शिकायचं आहे ते दुसऱ्यांनी नाकारलेलं फुप्फुस घ्यायचं की नाही, हे ठरवणं. ज्या दात्याच्या किडन्या आणि लिव्हर वापरता येतं, त्याचंही फुप्फुस बहुतेकदा बाद होतं. व्हेंटिलेटरवरचा न्यूमोनिया, पोटातलं श्वासनलिकेत गेलेलं, भरमसाट दिलेलं सलाइन ही कारणं तुम्हाला मी सांगायला नकोत.

इथे असं शंकास्पद फुप्फुस शरीराबाहेर यंत्रावर चढवतात. सगळे त्याला ईव्हीएलपी (एक्स व्हिवो लंग पर्फ्यूजन) म्हणतात. सुरुवात स्वीडनमधल्या लुंडची, स्टीग स्टीन यांची. टोरांटोत शाफ केशवजी आणि मार्सेलो सिपेल यांनी ते कित्येक तास चालवता येईल असं केलं. पारदर्शक घुमटाखाली फुप्फुस ठेवायचं आणि त्यातून रक्तपेशी नसलेला द्राव फिरवायचा, दात्याच्या हृदयाच्या क्षमतेच्या 40 टक्के वेगाने. 32 अंशांना पोचलं की व्हेंटिलेटर सुरू, मिनिटाला फक्त 7 श्वास, मग 37 अंश. चार ते सहा तास दर तासाला ऑक्सिजन आणि दाब मोजायचे, एक्स-रे काढायचा. आणि हात लावायचा. व्हेंटिलेटरची नळी सोडल्यावर चांगलं फुप्फुस झटकन आक्रसतं. पाणी धरलेलं तसंच फुगून राहतं, बोटांना भिजलेल्या स्पंजासारखं जड लागतं. हे पुस्तकातून कळत नाही. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या इथल्या चाचणीत अशी 23 दात्यांची फुप्फुसं चढवली, त्यांतली 20 दात्यांची बसवता आली, आणि निकाल नेहमीच्या प्रत्यारोपणांच्या तोडीचे होते.

क्योटोचं काम थोर आहे, यात वाद नाही. हिरोशी दाते यांनी तिथे रुजवलेली पद्धत: दोन जिवंत नातेवाइकांकडून एकेक खालचा लोब (फुप्फुसाचा मोठा कप्पा) घ्यायचा, एकाचा उजवा, दुसऱ्याचा डावा. दोन्ही फुप्फुसांचे मिळून 19 सेगमेंट (लोबचे छोटे भाग) धरतात, त्यांत उजव्या खालच्या लोबचे 5 आणि डाव्याचे 4, आणि त्यावरून रुग्णाला पुरेल का याचं गणित मांडतात. एप्रिल 2021 मध्ये कोविडने फुप्फुसं निकामी झालेल्या बाईंना त्यांनी नवरा आणि मुलगा यांचे लोब बसवले. पण तीन ऑपरेशन थिएटर एकाच वेळी चालवायची, दोन धडधाकट माणसांची छाती उघडायची! नाशिकमध्ये सुरुवात इथून करू नका. शिवाय नुसतं बघून हात तयार होत नाही.

लोबचं तंत्र मात्र शिकाच, मृत दात्याच्या फुप्फुसासाठी. आपल्याकडच्या बारीक चणीच्या बायका आणि लहान मुलं यांना मोठ्या पुरुषाचं फुप्फुस मावत नाही म्हणून त्या ताटकळतात. एखादा लोब काढून किंवा स्टेपलरने कडा कापून ते बसवता येतं. व्हिएन्नात हे भरपूर झालंय. पॅरिसमध्ये कुएतिल यांनी तर एका डाव्या फुप्फुसाचे दोन भाग केले: वरचा लोब रुग्णाच्या उजवीकडे, खालचा डावीकडे. सुंदर कल्पना, पण रोज वापरायची नव्हे.

नाशिकमध्ये प्रत्यारोपण केंद्र उभं राहीपर्यंत तुमचा खरा उपयोग दात्याच्या बाजूला होईल. मेंदूमृत्यूच्या दोन तपासण्यांत कायद्याने किमान सहा तासांचं अंतर लागतं. त्या वेळात फुप्फुस वाचवायचं की बुडवायचं, हे आयसीयूतला माणूस ठरवतो. पुढे ते मुंबईला न्यायचं तर कसारा घाट, नाहीतर पुण्याचा रस्ता, ग्रीन कॉरिडॉर (अवयवासाठी मोकळा केलेला रस्ता) असला तरी. टोरांटोत आता फुप्फुस बर्फाऐवजी 10 अंशांवर ठेवतात, रात्री काढलेलं सकाळी बसवतात. हे नक्की शिकून घ्या, आपल्या अंतरांसाठी सोन्यासारखं आहे.

कागदपत्रांना वेळ लागतो. म्हसरूळला आरोग्य विद्यापीठातून पदवीची पडताळणी आणि मेडिकल कौन्सिलचं गुड स्टँडिंग (नोंदणी निर्दोष असल्याचा दाखला) आधी मार्गी लावा, व्हिसा नंतर. वहिनी आणि मुलाला पहिल्या हिवाळ्यानंतर बोलवा. घर हॉस्पिटलजवळ घ्या, कारण फोन रात्रीच येतात. आणि होकार कळवण्याआधी विभागाला लेखी विचारा: फेलोला अवयव काढायला बाहेर पाठवता का, आणि यंत्रावरच्या फुप्फुसाचा निर्णय घेताना तो तिथे असतो का? दोन्हीला नाही म्हणाले, तर तुमचं वर्ष नुसतं मदतनीस म्हणून जाईल, मग दुसरं केंद्र बघा.